निस डेटाबेस: फुकट आहे, पण डोळे फोडून वाचावा लागतो

सेफ्टीमध्ये काम करणाऱ्यांनी अमेरिकेच्या सीपीएससीचा (ग्राहक वस्तूंची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) निस (NEISS) हा दुखापतींच्या नोंदींचा डेटा एकदा तरी उघडून बघाच. तिकडच्या साधारण 100 हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीतल्या, वस्तूंमुळे झालेल्या दुखापती, वर्षावार डाउनलोड करता येतात, पैसे नाहीत काही नाही. वय, शरीराचा भाग, वस्तूचा कोड हे सगळं आहेच, पण खरा माल 'नॅरेटिव्ह' कॉलममध्ये, म्हणजे काय झालं त्याचं दोन ओळीतलं वर्णन. जिन्याचा कोड 1842, तो टाकला की धो धो केसेस येतात, पण माणूस मोजे घालून घसरला की हातात कपड्यांची बादली होती ते कोड थोडीच सांगणार, ते वर्णनातच सापडलं तर सापडतं. होव्हरबोर्ड (उभं राहून चालवायची दोन चाकांची बॅटरीवाली पाटी) बाजारात आला तेव्हा पण संशोधकांनी हा शब्द वर्णनात शोधून केसेस वेगळ्या काढल्या.

वैताग पण आहे बरं का. सगळं कॅपिटलमध्ये, पुरुषाला 'वायओएम' (इयर-ओल्ड मेल), बाईला 'वायओएफ' (इयर-ओल्ड फीमेल), स्पेलिंग नोंद करणाऱ्याच्या घाईप्रमाणे. एकच शब्द शोधून मोजणी केली तर बरंच निसटतं. आणि हेल्मेट लिहिलेलं नाही म्हणजे घातलंच नव्हतं असं धरू नका, कित्येकदा कोणी विचारलेलंच नसतं!

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या शॉर्टफॉर्मसाठी.