"कस्टम आहे ना काका!"

एका जुन्या गाडीपायी माझे गेले ६ लाख ४८ हजार ५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. टोकन ५१,०००, आरटीजीएस २,५०,०००, रोख ३,००,०००, कागदपत्रांचे ३८,५०० आणि धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला आणायचं टेम्पोभाडं चढवउतारासकट ९,०००. यातला टेम्पोवालाच काय तो प्रामाणिक. रोख दिल्याची पावती नाही. का नाही, हे तुम्ही विचारू नका, घरी रोज विचारतात.

गुहागरच्या बाजूला एक बंद घर. मालक मुंबईला, किल्ली राखणदार आजींकडे. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली लाल, दोन सीटांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार. १९६५ साली मुंबईच्या कुणा हौशी शेठने मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बांधून घेतलेली, जगात एकच, असं विकणारा पोरगा म्हणाला. थाप म्हणावी तर तशी वाटत नाही, तिथेच मेख आहे. हेराल्डची चेसिस बॉडीपासून सुटी. विलायतेत ट्रायम्फ कंपनीने १९६२ मध्ये तीच आखूड करून स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली होती. मग मद्रासच्या हेराल्डवर आपल्याकडे कुणी तसं केलं नसेल कशावरून? मला गाड्यांतलं कळत नाही असं समजू नका. थोडंफार कळतं, म्हणून तर फसलो. न कळणारा माणूस या भानगडीत पडतोच कशाला?

आता जे लिहितोय ते लिहिताना अजून कान तापतात. माझ्या मामांकडे हेराल्ड होती. अख्खं बॉनेट पुढे उलटायचं आणि मिस्त्री चाकावर बसून इंजिनाचं काम करायचा. शाळेत असताना मी त्या गाडीखाली बॅटरी धरून बसलोय. हेराल्डला मागे स्प्रिंगचा एकच आडवा पाटा, दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात. आपल्या मिस्त्र्यांना ते कधी आवडलं नाही, म्हणून १९७२ च्या गझेल या पुढच्या मॉडेलला कंपनीने दोन्ही चाकं जोडणारा सरळ एक्सल दिला. हे सगळं मला पाठ! आणि त्या दिवशी पडवीत गुडघे टेकून मोबाइलचा उजेड मारला, तर या चाकापासून त्या चाकापर्यंत सरळसोट एक्सल. दिसला. त्यावर सुकलेल्या लाल चिखलाचा पापुद्रा होता, तोसुद्धा आठवतो.

"अरे, हा हेराल्डचा नाही," मी म्हटलं.

तो तिशीतला पोरगा, माझ्यासाठी फोडलेलं शहाळं हातात धरून उभा. "कस्टम आहे ना काका! शेठनी तेव्हाच बदलून घेतलेला."

आणि मी शहाळं घेतलं.

त्या एका शब्दात सगळं मावतं. मीटर वेगळा? कस्टम. बिजागऱ्या वेगळ्या? कस्टम. मूळ गाडी कशी होती हे कुणालाच माहीत नसेल, तर चूक दाखवणार कशात? अशी गाडी घेताना ती बांधतानाचे जुने फोटो, बिलं, काहीतरी मागा. नसेल तर उठा.

दुसरी गोष्ट तर कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळावी. खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडक्यांचे गज चार पावसाळ्यांत पोपडे धरतात. पंचवीस वर्षं समुद्राकाठी उभ्या गाडीच्या चेसिस नंबरच्या पट्टीला चांदीसारखे चकचकीत रिव्हेट! पत्र्याला लावून बघायला खिशात लोहचुंबक ठेवा. 'हाताने ठोकलेला पत्रा' फायबरचा आहे, हे मला चौथ्या दिवशी कळलं, पाना पडून टवका उडाला तेव्हा.

३८,५०० घेतले ते 'व्हिंटेज नंबर'साठी. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,०००. वरचे साडेअठरा हजार कशाचे, हे मी विचारलंच नाही. शिवाय नियमात गाडी मूळ रूपातच हवी. म्हणजे एक थाप दुसरीला खोटं पाडत होती आणि मी दोन्हींना मान डोलावत होतो. आरसी बुक हाताने लिहिलेलं. बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन चढवलेली नसते, हे खरंच आहे, म्हणून वाहनांच्या सरकारी ॲपवर काही दिसलं नाही तरी शंका आली नाही. आरटीओत तीन खेपा घातल्यावर रजिस्टर निघालं. त्या नंबरवर स्कूटर आहे. पैसे देण्याआधी रजिस्टर बघा, नंतर बघून काय उपयोग?

पुन्हा त्या घरी गेलो, तर आजी त्या पोराला मालक म्हणून ओळखतच नव्हत्या. पडवी वापरायला आठवड्याचे दोन हजार द्यायचा, एवढंच. त्यांना काय बोलणार?

आणि पोलीस! आमच्याकडच्या ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, असं सांगितलं तर हवालदार म्हणाला, "मग तुम्हीच लिहा." तिकडच्या ठाण्यात साडेतीन तास बाकावर. मग साहेब म्हणाले, "गाडी मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." खोटा नंबर, खोटं पुस्तक, हा दिवाणी मामला? अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का नव्हता. दुसऱ्या दिवशी शिक्का होता, साहेब बंदोबस्ताला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर एकोणीस दिवस झालेले, त्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही पहिल्या तासात करा.

मंगळवारी पुन्हा बोलावलंय. निघताना हवालदार हळूच म्हणाला, "येताना गाडीचे फोटो आणा. साहेबांच्या मुलाला बघायचेत."