लोहगावहून एटीआर : तीन तारे, तेही वैमानिकांचे

पुण्याहून छोट्या शहरात जायला एटीआर ७२ हे छोटं विमान उत्तम. सत्तरेक प्रवासी, दोन वैमानिक. लोहगावचं नवं टर्मिनल प्रशस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही.

विमान उशिरा सुटलं, कारण वैमानिकांची ड्युटी-मर्यादा संपली होती आणि बदली जोडी हाताशी नव्हती. काउंटरवर लोक ओरडत होते. मला राग आला तो कंपनीचा. डीजीसीए म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या नव्या नियमांत वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २. हे अचानक झालेलं नाही. माणसं आधीच घ्यायला हवी होती.

माझा भाचा अशाच विमानावर सहवैमानिक आहे. विमान जागचं हलेपर्यंत उड्डाणाचे तास मोजायला सुरुवातच होत नाही. गेटवर ताटकळलेला वेळ त्यात नाही. पगाराच्या बोलणीत तो आणि त्याचे सहकारी हाच वेळ धरावा असं मांडताहेत, सोबत रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, वेळेवर मिळावं म्हणून. व्यवस्थापन फक्त आकड्यावर बोलतं.

कॅप्टननी स्वतः बाहेर येऊन कारण सांगितलं, लँडिंगही अलगद. तारे त्याचे. पाणी मात्र मागूनही मिळालं नाही.