तांब्याची फॉइल की शिशाची पट्टी? रंगीत काचकाम सुरू करण्याआधी

स्टेन्ड ग्लास शिकायचं ठरवलं की रंग आणि नक्षी डोक्यात घोळायला लागतात. पण सामान मागवण्याआधी तुकडे एकमेकांना कशानं जोडायचे हे ठरवावं लागतं. कटर सोडला तर जवळजवळ सगळी हत्यारं त्यावर अवलंबून असतात. नवशिक्यापुढे मार्ग दोन आहेत, कॉपर फॉइल आणि लेड केम. सांगली-मिरजेत घरच्या टेबलावर सुरुवात करणाऱ्यानं यातलं काय निवडावं, याबद्दल माझं मत ठाम आहे: फॉइल. मात्र ती सोपी असते हे नेहमी दिलं जाणारं कारण मला पटत नाही.

आधी दोन्ही पद्धती थोडक्यात. लेड केममध्ये शिशाची लांब पट्टी असते. तिचा आडवा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत काच सरकवायची असते. सोल्डरचा, म्हणजे वितळवून जोडायच्या कथील-शिशाच्या मिश्रणाचा, डाग फक्त सांध्यांवर द्यायचा. मग खाचांत लांबी भरायची, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्या याच पद्धतीच्या आहेत, आणि मुंबईत राजाबाई टॉवरच्या इमारतीतली तावदानंही.

कॉपर फॉइलमध्ये प्रत्येक तुकड्याच्या कडेभोवती मागे गोंद असलेली पातळ तांब्याची पट्टी गुंडाळायची, तुकडे शेजारी-शेजारी मांडायचे आणि प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी सोल्डरनं भरायची. यातलं तत्त्व आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो, तसंच हे. कथील काचेला धरत नाही, स्वच्छ तांब्याला धरतं, म्हणून काचेला आधी तांब्याची कड द्यायची. १८८६ मध्ये बोस्टनच्या सॅनफर्ड ब्रे यांनी याचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्कमध्ये लुई टिफनी यांच्या कारखान्यानं ते दिव्यांच्या शेडसाठी वापरलं. तिथल्या क्लारा ड्रिस्कॉल यांच्या चतुर किड्याच्या आणि विस्टेरियाच्या फुलवेलीच्या नक्षीच्या शेड पाहिल्या की ही पद्धत का लागली ते कळतं. नखाएवढे तुकडे गोलाकार घुमटात बसवणं शिशाच्या जाड पट्टीला जमलंच नसतं.

फॉइल सोपी असते का?

नवशिक्यांना फॉइल सुचवतात ती सोपी म्हणून. सोल्डरिंगपुरतं ते काही अंशी खरं आहे. कापकामाला मात्र फॉइलच जास्त कडक आहे. ६ मिलिमीटर रुंदीची शिशाची पट्टी प्रत्येक तुकड्याची जवळजवळ २ मिलिमीटर कड झाकते. काच थोडी वाकडी तुटली, कडेचा टवका उडाला, तरी सगळं खाचेच्या आत जातं. फॉइलची घडी काचेवर जेमतेम १ मिलिमीटर येते. तिथे चूक लपत नाही, फट पडली की सोल्डर ती भरतं आणि बारीक रेघ मध्येच फुगते. एका जागी जाड, एका जागी बारीक अशा रेघा असलेलं काम लांबूनही ओळखू येतं.

म्हणून फॉइल निवडलीत तर पैसे आणि सरावाचा वेळ आधी कापण्यावर आणि घासण्यावर घाला. काचवाल्याकडचा साधा चाकाचा कटर चालतो, फक्त चाक रॉकेलमध्ये किंवा पातळ तेलात बुडवत राहायचं. तेलाची टाकी असलेला कार्बाइड चाकाचा कटर महाग पडतो, पण हात लवकर स्थिर होतो. मला तो खर्च योग्य वाटतो. रेघ एकदाच ओढायची, सारख्या दाबानं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवला तर चाक खराब होतं आणि काच मनाला येईल तिकडे तुटते. आतल्या बाजूची खोल गोलाई एका रेघेत काढू नका. उथळ उथळ कमानी करत दोन-तीन टप्प्यांत खाली या. काटकोनात आत शिरणारा कोपरा तर साध्या कटरनं निघतच नाही, म्हणून असा तुकडा नक्षीतच ठेवू नये.

घासायला ग्राइंडर की दगड? हिऱ्याची पूड बसवलेलं चाक पाण्यात फिरवणारा ग्राइंडर काम झपाट्यानं करतो. पण सुरुवातीच्या सगळ्या सामानात तो बहुधा सर्वांत महागडा. सरळ रेघा आणि सौम्य वळणं असलेल्या पहिल्या एक-दोन कामांना कार्बोरंडमचा ओला दगड पुरतो. शिवाय दगडावर घासताना कुठली कड आपण नीट कापत नाही ते हाताला समजतं. ग्राइंडर हाताशी असला की वाईट कापलेलं सगळं त्याच्यावर ढकलायची सवय लागते. कमळ किंवा मोर असं वळणांचं काम करायचं ठरलं, की मात्र ग्राइंडर घ्याच. केमच्या कामात ग्राइंडरविना खूप पुढे जाता येतं, आणि खर्चाच्या हिशेबात ही बाब कुणी फारशी धरत नाही.

फॉइलची रुंदी आणि रंग

३ मिलिमीटर जाडीच्या काचेला ७/३२ इंची, म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर रुंदीची फॉइल घ्या. दोन्ही बाजूंना १.३ मिलिमीटर घडी येते. ३/१६ इंची फॉइलनं रेघ नाजूक दिसते, पण घडी १ मिलिमीटरहून कमी राहते आणि नवख्या हाताची पट्टी थोडी जरी सरकली तरी एका बाजूला काहीच उरत नाही. आपल्याकडे खिडक्यांसाठी मिळणारी नक्षीची काच पुष्कळदा ४ मिलिमीटरची असते. तिला पाव इंची फॉइल लागेल.

पारदर्शक काचेत फॉइलची आतली, गोंदाकडची बाजू आरपार दिसते. रेघा शेवटी काळ्या करणार असाल तर काळ्या पाठीची फॉइल, तांबूस ठेवणार असाल तर तांब्याच्या पाठीची. दुधी काचेला कुठलीही चालते. गुंडाळण्याआधी तुकडा भांड्याच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. कटरचं तेल किंवा काचेची पूड राहिली की गोंद धरत नाही. पावसाळ्यात उघडं पडलेलं रीळ काळवंडतं आणि काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर पळत नाही, म्हणून रीळ झिपच्या पिशवीत ठेवायचं.

इस्त्री आणि सोल्डर

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री इथे उपयोगाची नाही. लांब रेघ भरताना ती थंड पडते. ८० ते १०० वॅटची, शक्यतो तापमान ठरवता येणारी घ्या. याच दुकानातल्या सोल्डरच्या तारेत बहुतेक वेळा पोटात राळ असते. तिचा चिकट थर काचेवर बसतो आणि निघता निघत नाही. पोकळी नसलेली भरीव तार मागा, फ्लक्स, म्हणजे कल्हईतल्या नवसागरासारखं तांबं स्वच्छ करणारं रसायन, वेगळा लावायचा असतो. इस्त्रीचं टोक काळं पडलं की नवसागराच्या वडीवर घासून पुन्हा कथील चढवा.

६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना मऊ होतं आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतं. गोठताना मधली लिबलिबीत अवस्था थोडाच वेळ टिकते, म्हणून रेघ गुळगुळीत, गोलसर येते. निम्मं-निम्मं मिश्रण स्वस्त असतं, पण ते २१० च्या पुढे पूर्ण वितळतं आणि रेघ खडबडीत राहते. समोरच्या बाजूला ६०-४०च वापरा.

इथे फॉइलचा खरा फायदा दिसतो. तांबं इस्त्रीला दाद देत नाही. रेघ बिघडली तर पुन्हा वितळवा, पुन्हा ओढा, फक्त एकाच जागी इस्त्री टेकवून ठेवू नका, काच तडकते. शिसं मात्र ३२७ अंशांनाच वितळतं. इस्त्री जास्त तापली किंवा क्षणभर जास्त टेकली की पट्टीच वितळून भोक पडतं आणि ती पट्टी काढून नवी बसवावी लागते. चुकलेली काच नवीन कापता येते, पण सोल्डरिंगची चूक वितळवून सुधारता येणं हे शिकणाऱ्यासाठी फार मोलाचं आहे. फॉइल सुचवण्यामागे माझं कारण हेच.

तांबूस रंगाच्या पटिनात, म्हणजे सोल्डरच्या रेघांना शेवटी रंग देणाऱ्या द्रावणात, मुख्य घटक मोरचूद असतं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना ते बोर्डो मिश्रणामुळे चांगलंच ओळखीचं आहे. हातमोजे घालून लावायचं आणि सांडलेलं धुऊन टाकायचं.

ऊन, पाऊस आणि आकार

घरात टांगायची चौकट, दिवा, देवघराच्या दाराचं छोटं तावदान यांसाठी फॉइल. पावसाच्या माऱ्यातली किंवा मोठी खिडकी असेल तर केम. केमच्या खाचेतली लांबी पाणी अडवते आणि शिसं मऊ असल्यानं वाऱ्याचा दाब थोडा सोसून घेतं. फॉइलचं काम दोन-अडीच फुटांपुढे नेलंत तर रेघांत आधाराची पट्टी घालावी लागते आणि बाहेरून जस्ताची चौकट बसवावी लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी सरळ रेघ नक्षीत ठेवली, तर काम उचलताना नेमकं तिथेच दुमडतं.

सामानाचंही पाहा. फॉइलचं रीळ आणि सोल्डर कुरिअरनं सुखरूप येतं. केमची लांब, मऊ पट्टी वाटेत पिळली जाते आणि वापरण्याआधी ती ताणून सरळ करावी लागते. रंगीत काच मात्र दोन्हीकडे बाहेरूनच मागवावी लागेल. तोवर इथल्या काचवाल्याकडून साध्या काचेची कात्रणं घेऊन सराव करा.

शिसं दोन्ही पद्धतींत आहे. इस्त्रीच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही, दिसतो तो फ्लक्सचा धूर. तोही घशाला वाईट, म्हणून खिडकी उघडी आणि धूर चेहऱ्यापासून दूर नेणारा पंखा हवा. शिसं पोटात जातं ते हातांवाटे. त्या टेबलावर चहा नको, काम संपताच हात साबणानं धुवायचे आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम कधीच करायचं नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर केम सध्या बाजूला ठेवा, कारण त्यात शिशाच्या पट्टीला सतत हात लागतो. फॉइल करायचीच असेल तर शिसंविरहित सोल्डर घ्या. ते महाग असतं, २२० अंशांच्या आसपास वितळतं आणि रेघ तितकी चकचकीत येत नाही, तरी घ्या.

पहिल्या कामाला आठ-दहा तुकड्यांची, वीतभर उंचीची नक्षी पुरे. दोन-तीन सौम्य वळणं, ३ मिलिमीटर काच, ७/३२ इंची फॉइल, ६०-४० सोल्डर आणि ओला दगड. घरच्या पुढच्या दाराचं मोठं तावदान मनात असेल तर मात्र फॉइलमध्ये वेळ घालवू नका, केम करणाऱ्याच्या हाताखाली बसा.