टेपड्राइव्ह आयस्कझीवर द्यायचा आहे: टीजीटी की एलआयओ?

सर्व्हरला लावलेला एलटीओ (बॅकअपच्या टेपचा एक प्रकार) टेपड्राइव्ह आयस्कझीने, म्हणजे उपकरणांना दिल्या जाणाऱ्या स्कझी कमांड नेटवर्कवरून पाठवून, दुसऱ्या मशीनला वापरायला द्यायचा असेल, तर लिनक्सवर मुख्यतः दोन वाटा आहेत: टीजीटी आणि एलआयओ. टीजीटीमध्ये टार्गेटचं (उपकरण देणाऱ्या बाजूचं) सगळं काम यूजर-स्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, टीजीटीडी हा डेमन (पार्श्वभूमीतला प्रोग्राम) करतो आणि आलेली स्कझी कमांड एसजी या (स्कझी कमांड थेट पाठवू देणाऱ्या) ड्रायव्हरमार्फत कर्नलच्या हवाली करतो. एलआयओमध्ये टार्गेटच कर्नलात असतं. त्याचं पीस्कझी हे बॅकस्टोअर (टार्गेटला खऱ्या उपकरणाशी जोडणारा भाग) कमांड आतल्या आत स्कझी थराकडे सरकवतं. एससीएसटी ही तिसरी वाटही चांगली आहे, पण ते मूळ कर्नलचा भाग नाही. दर कर्नल अपडेटला मॉड्यूल पुन्हा बांधायची तयारी असेल तरच तिकडे वळा.

प्रश्न डिस्कचा असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. डिस्क पासथ्रूने (कमांड जशीच्या तशी उपकरणाकडे सरकवून) देऊ नका, एलआयओचं ब्लॉक बॅकस्टोअर वापरा. एलआयओची मांडणी करायच्या टार्गेटसीएलआय या साधनाचं मॅन पेजही तेच सुचवतं. पासथ्रू लागतो तो टेप, टेप लायब्ररीचा चेंजर (टेप बदलणारं यंत्र), डीव्हीडी रायटर यांच्यासाठी.

एलआयओच्या बाजूने पहिला युक्तिवाद वेगाचा होतो. टेपच्या बाबतीत तो फारसा टिकत नाही. एलटीओ-९ कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला ४०० एमबी लिहितो. २५६ केबीचे ब्लॉक धरले तर सेकंदाला जेमतेम दीड हजार कमांड झाल्या. एवढ्यासाठी यूजर-स्पेस आणि कर्नल यांच्यातली ये-जा आजच्या कुठल्याही सर्व्हरला जाणवू नये. सेकंदाला लाखो वाचन-लेखनं करणाऱ्या एसएसडीची गोष्ट निराळी.

खरा फरक दिसतो तो कमांड फसल्यावर, किंवा अर्धवट फसल्यावर. समजा, टेपवर ३२ केबीचा ब्लॉक आहे आणि बॅकअप सॉफ्टवेअरने ६४ केबी मागितले. ड्राइव्ह ३२ केबी देतो, आणि सोबत चेक कंडिशनही (काहीतरी वेगळं घडल्याची खूण) पाठवतो. सेन्स डेटात (त्या खुणेच्या तपशिलात) आयएलआय, म्हणजे ‘लांबी जुळली नाही’, हा बिट लावलेला असतो. म्हणजे ‘चूक’ही आली आणि खरा डेटाही आला. एलआयओ बरीच वर्षं असं धरून चालत होतं की चेक कंडिशन आली म्हणजे डेटा नाही, आणि समोरच्याला रिकामा बफर मिळे. हे २०१८ मध्ये, ४.१८ कर्नलमध्ये दुरुस्त झालं. त्याआधीच्या कर्नलवर पीस्कझीने टेप देऊ नका, एवढं मी ठामपणे म्हणेन. टीजीटी घेतलंत तरी चाचणी चुकवू नका: एमटी या टेपच्या कमांडने ब्लॉक साइझ शून्य (म्हणजे बदलती) करा, डीडीने ३२ केबीचा ब्लॉक लिहा, टेप मागे घ्या आणि ६४ केबी मागून वाचा. नेमके ३२ केबी परत आले पाहिजेत.

टाइमआउटचंही बघा. पीस्कझीच्या हेडर फाइलमध्ये डिस्कसाठी १५ सेकंद आणि बाकी उपकरणांसाठी ५०० सेकंद असे आकडे कोरलेले आहेत. रिवाइंड त्यात सहज बसतं, पण लाँग इरेजला काही तास लागतात. एसजीमध्ये टाइमआउट मिलिसेकंदात प्रत्येक कमांडबरोबर जातो आणि तो कमांड पाठवणारा प्रोग्राम ठरवतो. टीजीटीतला आकडा पटला नाही तर एकच प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. कर्नलला हात लावायचा नाही. गडबड झाली की एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावून बसताही येतं. टीजीटीडी कोसळला तर चालू बॅकअप जाईल, सर्व्हर उभा राहील. पीस्कझीतला बग मात्र अख्खं मशीन घेऊन बसू शकतो.

एक दुखणं दोघांनाही आहे, आणि माझ्या मते निवडीपेक्षा तेच मोठं. पासथ्रूमध्ये कितीही क्लायंट असले तरी ड्राइव्हला दिसतो एकच इनिशिएटर (कमांड पाठवणारा): तुमच्या सर्व्हरचं एचबीए, म्हणजे ड्राइव्ह जोडलेलं कार्ड. टेप बदलली की ड्राइव्ह ‘माध्यम बदललं असावं’ ही सूचना (युनिट अटेन्शन) एकदाच देतो. ती पहिली कमांड पाठवणाऱ्याला मिळते; दुसरा क्लायंट जुनीच टेप समजून लिहीत सुटतो. रिझर्व्हेशनचंही (ड्राइव्ह एकापुरता राखून ठेवण्याचंही) तेच, कारण ड्राइव्हच्या लेखी सगळे एकच. म्हणून एका ड्राइव्हला एकच क्लायंट ठेवा, आणि टार्गेट सर्व्हरवर कुणाला एमटी चालवू देऊ नका. नुसतं एसटी (लिनक्समधलं टेपचं) उपकरण उघडून बंद केलं तरी टेप मागे जाते!

सुरक्षेत डावं-उजवं नाही. टीजीटीडी रूट म्हणून चालतो, त्यामुळे कर्नलची कमांड-चाळणी त्याला लागू होत नाही; पीस्कझीला ती मुळातच नाही. क्लायंट फर्मवेअर बदलण्याची कमांडसुद्धा पाठवू शकतो. चॅप (आयस्कझीतली पासवर्ड-तपासणी) आणि वेगळं व्हीलॅन (इतरांपासून तोडलेलं नेटवर्क) लागेलच.

रेड हॅट ६ मध्ये टीजीटी होतं, ७ पासून एलआयओ आलं. डेबियनमध्ये दोन्ही मिळतात. नवा कर्नल, एक ड्राइव्ह, एक बॅकअप सर्व्हर आणि ‘लावा नि विसरा’ असा बेत असेल तर एलआयओ घ्या. जुना कर्नल असेल, विचित्र चेंजर असेल किंवा काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर टीजीटी. त्यात डिव्हाइस-टाइप पीटी (पासथ्रू) आणि बीएस-टाइप एसजी द्या. जुन्या लेखांत बीएसजी (एसजीसारखंच दुसरं) उपकरण द्यायला सांगतात, पण बीएसजीवरचा रीड-राइटचा मार्ग २०१८ मध्ये कर्नलमधून काढून टाकला आहे, तेव्हा एसजीच द्या. त्याचा क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो. एलएसस्कझी ही कमांड जी पर्यायासह चालवून ताडून घ्या, नाहीतर टेपच्या जागी भलतीच डिस्क नेटवर्कवर जाईल.