डिझेल जनरेटर की हायड्रोजन फ्युएल सेल?

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका डॉक्टरांना दवाखान्याचा जुना जनरेटर बदलायचाय. फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून न जाळता थेट वीज करणारं यंत्र, घ्यावा का, असं विचारत होते.

आधी इंधनाचं बघा. लिटरभर डिझेलमागे साधारण 3 ते 3.5 युनिट वीज. हायड्रोजनच्या नेहमीच्या उंच सिलिंडरात गॅस जेमतेम अर्धा किलो, म्हणजे 7-8 युनिट. ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा डिझेलचीच मारामार; मग सिलिंडरांची गाडी कुठून येणार?

आवाज-धुरात मात्र सेल सरस, बाहेर पडतं ते पाणी. आयसीयूला यूपीएस दोन्हीकडे लागतोच. जनरेटरचा मिस्त्री उद्यमनगरात सापडतो, सेलचा नाही.

छोट्या दवाखान्याला डिझेलच, पण उंच चौथऱ्यावर. उघड्यावर सिलिंडर ठेवायला जागा आणि पुरवठ्याचा पक्का करार असेल, अशा मोठ्या हॉस्पिटलनेच सेल घ्यावा.