यूएसबी वायफाय डोंगल आणि डीकेएमएस: वर्षभर वापरल्यावर

लॅपटॉपचं आतलं वायफाय कार्ड गेलं म्हणून साडेसहाशे रुपयांचा डोंगल घेतला. 'लिनक्सवर चालतो' असं खोक्यावर छापलंय आणि ते खोटंही नाही. फक्त त्याचा ड्रायव्हर (डोंगल चालवणारा कोड) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात नाही, सोर्स कोड उतरवून डीकेएमएस नावाच्या साधनामार्फत बसवावा लागतो. नवा कर्नल आला की डीकेएमएस त्याच्यासाठी ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करतं, म्हणजे सोर्सपासून नव्याने बांधतं. कर्नल 6.2 होता तोवर चार महिने रेंज, स्पीड, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती.

मग अपडेटमध्ये 6.5 आला. दुसऱ्या दिवशी मुलीच्या प्रोजेक्टसाठी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो, तर शेवटी 'एरर कोड 1'. अर्धा तास इंकस्केपलाच शिव्या घातल्या. ते काढून दुसरं पॅकेज टाकून पाहिलं, तरी तीच एरर. चार ओळी वर नीट वाचल्यावर दिसलं, रडगाणं लिनक्स-हेडर्सचं, म्हणजे ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फायलींच्या पॅकेजचं होतं. ड्रायव्हर कंपाइल होईना म्हणून ते पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन पडलेलं, आणि पॅकेजेस बसवणारं एपीटी दर वेळी तेच पुरं करायला धावत होतं. इंकस्केप बिचारं केव्हाच बसलं होतं!

आणि मी शहाणा, 'रीस्टार्ट करून बघू' म्हटलं. नवा कर्नल सुरू झाला, त्याच्यासाठी ड्रायव्हर नाही, वायफाय गायब. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडला तेव्हा जीव भांड्यात पडला.

खरं कारण डीकेएमएसच्या मेक.लॉगमध्ये सापडलं: '-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झीरो' हा ऑप्शन कंपायलरला ओळखू येत नव्हता. नवा कर्नल जीसीसी 12 या कंपायलरने बांधलेला, माझ्याकडे जीसीसी 11, आणि हा ऑप्शन जीसीसीत 12 पासूनच आहे. जीसीसी 12 टाकलं, एपीटीच्या हाताखालच्या डीपीकेजीला राहिलेलं कॉन्फिगर करायला सांगितलं, पाच मिनिटांत गाडी रुळावर.

6.8 ला पुन्हा तेच, पण या वेळी कंपायलर निर्दोष. कर्नलची आतली फंक्शन्स आवृत्तीगणिक बदलतात आणि ड्रायव्हरचा कोड जुनाच राहिला होता. दुरुस्त कोड येईपर्यंत कर्नल होल्डवर ठेवला. तेवढे दिवस कर्नलचे सुरक्षा अपडेटही अडले, हे मला अजून खटकतं.

पाचपैकी तीन तारे, तेही रेंजसाठी. परवा भावासाठी डोंगल घेताना दुकानदाराला चिपसेट (आतली मुख्य चिप, ड्रायव्हर तिच्यावरच ठरतो) विचारला. म्हणाला, "साहेब, वायफायच आहे ते."