पाट्या रंगवणाऱ्यांसाठी १६ बाय २० इंची तयार कॅनव्हास

दिवसा दुकानांच्या पाट्या आणि रात्री स्वतःची चित्रं, असं करणाऱ्या, स्वतःच शिकलेल्या पेंटरसाठी बेळगावात मिळणारा हा सुती कॅनव्हास कामाचा आहे. फक्त पाकिटातून काढून थेट रंगवू नका. कारखान्याचा पांढरा थर पातळ असतो, रंग शोषला जाऊन फिका पडतो. जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. मधे २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा.

खरी गोची पाट्यांच्या सवयीची. डब्यात उरलेला ऑइल पेंट खाली मारला तर वर अ‍ॅक्रिलिक (पाण्यात मिसळणारा रंग) धरत नाही, पापुद्रे सुटतात. शिवाय तो पिवळा पडतो, कडक होऊन कापडावर तडकतो. टर्पेंटाइनचे ब्रश वेगळेच ठेवा.

पावसाळ्यात, खानापूरकडे तर जास्तच, कापड सैल पडतं. मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या ठोकल्या की ताणतं. पाचरी नसलेली स्वस्त फ्रेम घेऊच नका.

२०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीची. त्या कामाच्या घाईत मोठं चित्र अर्धवट राहतं, या मापाचं दोन-तीन रात्रींत उरकतं.